हरकती आणि सूचना

पालिकेच्या नोटिसा मी चिकटवतो.
एकवीस वर्षं झाली. आधी मैद्याच्या खळीने,
आता टेपने, जी म्हापशाच्या दमट हवेत
तिसऱ्या दिवशी सुटते.
कायम असं माझ्या हातून काही लागलं नाही,
नोकरीसकट.

प्रभाग सातचा फळा मारियान पदेराच्या भिंतीवर आहे.
आत भट्टी. चिरा उबदार असतो, कागद लवकर सुकतो.
लोक पोय घ्यायला येतात
आणि हाताला चटका बसेतो वाचतात.
त्याहून लांब मजकूर
या प्रभागात कुणी वाचलेला नाही.

मंगळवारी पाणी सहा ते आठ.
सातला आलं, सव्वासातला गेलं.
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.
नारळाची सोडणं कशात घालायची
हे साहेबांनाही ठाऊक नाही, मी विचारलंय.
गुरुवारी धूरफवारणी, दारं-खिडक्या उघड्या ठेवा.
शशिकला मांद्रेकर हे मोठ्याने वाचते
आणि घरी जाऊन सगळं बंद करते.

हरवली आहे: पिवळी मांजर, डाव्या कानाला चीर.
ही आमची नोटीस नव्हे. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही.
तरी मी काढली नाही.
फोन नंबर झाकला जाऊ नये म्हणून
घरपट्टीचा दंड जरा वर सरकवला.
खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय,
शुक्रवारी बाजारात दिसली, सुक्या मासळीकडे.

मग तो कागद आला.
रस्ता रुंदीकरण, मसुदा,
एका बाजूस तीन मीटर,
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत.
दिनांक गेल्या महिन्याचा.
तीसातले सव्वीस दिवस
टेबलावर, पेपरवेटखाली, पंख्याच्या वाऱ्यात
फडफडत गेले होते.

माझं काम चिकटवणं. वाचणं नव्हे.
वाचलं तरी तीन मीटर म्हणजे काय,
कागदावर ते दोन बोटांत मावतं.
पण शिडी माझ्या खांद्यावर होती
आणि शिडीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं:
पालिकेची मालमत्ता, ३ मी.

मी ती गटाराच्या कडेपासून
आडवी ठेवली.

एफिजेनिया बाईंचं बलकांव संपलं.
त्यांचा चहाचा कप जिथे असतो ती कठड्याची जागा संपली.
पायऱ्या, क्रोटनच्या कुंड्या,
शेवटचा दांडा दाराच्या उंबऱ्याला टेकला.
त्या उठून उभ्या राहिल्या, चष्मा लावला.
"इतलें?"
"इतलें," मी म्हटलं.

पदेराकडे शिडी भट्टीच्या तोंडाशी थांबली.
मांद्रेकरांकडे तुळस शिडीच्या दोन दांड्यांमध्ये आली.
पोरं आधीच पुढच्या घरी धावली होती,
आमच्याकडे ठेव, आमच्याकडे ठेव.
पोय थंड झाल्या. त्या दिवशी लोक वाचत राहिले.

चार दिवसांत त्रेचाळीस अर्ज.
बाईंचा रोमी लिपीत, शाळेत घोटवलेल्या तिरप्या अक्षरात.
आवक कारकून म्हणाला, हे कुठल्या रकान्यात?
मी म्हटलं, हरकतीत. मग त्याने शिक्का मारला.
यल्लाप्पा गवंडी दारातच उभा होता.
"मी भाड्याने राहतो. मला हरकत असू शकते?"
कारकुनाने नियम शोधला. सापडला नाही.
तेवढ्यात यल्लाप्पाने अंगठा उमटवला.

काल नवी नोटीस लावली.
सुनावणी पुढे ढकलली आहे, तारीख मागाहून कळवू.
रस्ता होईल की नाही, मला विचारू नका.
नगरसेवक म्हणतात, शिडी ही आपलीच कल्पना.

आणि आज सकाळी एक कागद माझ्या नावाने आला.
पालिकेची शिडी सार्वजनिक रस्त्यावर
आडवी का ठेवली,
याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

तो कुठे चिकटवला नाही.
खिशात आहे, चार घड्या करून.
दिनांक पाहिला. आजचाच.
एवढा एक कागद
साहेबांच्या टेबलावरून वेळेवर निघाला.